विशेषणाची शेपटी

जर्मन शिकणारा ए-टू या दुसऱ्या पातळीला पोचला की त्याच्या वहीत तीन तक्ते येतात: डेर-दी-दास या (इंग्रजी 'द'सारख्या) आर्टिकलनंतरचं विशेषण, आइन म्हणजे 'एक'नंतरचं आणि आर्टिकलच नसतानाचं. प्रत्येकात सोळा घरं. माझ्या बॅचमध्ये हे घडाघडा म्हणून दाखवणारे असतात, आणि बोलायची वेळ आली की शेवटचं अक्षर तोंडातल्या तोंडात गिळणारेही बहुधा तेच.

मी तक्ते आधी उघडतच नाही. एवढंच विचारते: लिंग आणि विभक्ती कुणी दाखवली? 'डेर आल्टे हुंड', म्हातारा कुत्रा. डेरच्या 'र'नं पुल्लिंगी कर्ता सांगून टाकला, म्हणून विशेषणाचं नुसत्या 'ए'वर भागतं. आता आइन घ्या. त्याला इथं शेपटीच नाही. मग तो 'र' विशेषणाला लागतो: 'आइन आल्टर हुंड'. तसंच 'दास आल्टे हाउस', जुनं घर, पण 'आइन आल्टेस हाउस'. आर्टिकलच नसेल तर सगळा भार विशेषणावर: 'मिट काल्टेम वासर', थंड पाण्यानं. हा 'म' डेमचा, म्हणजे 'मिट'नंतर दासचं जे रूप होतं त्याचा.

आइन असा उघडा पडतो तो तीनच ठिकाणी: पुल्लिंगी नोमिनाटिव्ह (कर्त्याची विभक्ती), नपुंसकलिंगी नोमिनाटिव्ह आणि अकुझाटिव्ह (कर्माची). म्हणजे दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा फक्त तीन घरांत वेगळा. आणि पहिल्यात तरी काय आहे? पाच घरांत 'ए', उरलेल्या अकरांत 'एन'.

आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. चांगला, चांगली, चांगलं असे तिघे वेगळे. पण 'ला' लागला की चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घराला. आर्टिकलनंतर डाटिव्हमधलं (आपल्या 'ला'सारखी विभक्ती) 'गुटेन', म्हणजे चांगल्या, अगदी असंच वागतं. अनेकवचनात मात्र विशेषण डेर-दी-दासवाल्या तक्त्यात नोमिनाटिव्हपासूनच 'एन' लावून बसतं.

मग कुणीतरी हुशार 'ट्रोट्स श्लेष्टेन वेटर्स' काढतं. खराब हवा असूनही. आर्टिकल नाही, तरी विशेषणाला 'एन' कसा? नामाकडे बघा, गेनिटिव्हचा (षष्ठीचा) 'स' वेटर्सच्या शेवटी आहेच. वर्गात याला अपवाद म्हणतात. मला तो म्हणवत नाही.

लिंग ठाऊक नसेल तर यातलं काहीच चालत नाही, ते नामाबरोबरच पाठ करायचं. 'उंग', 'हाइट', 'काइट' हे प्रत्यय लागलेली नामं स्त्रीलिंगी, लघुत्वदर्शक 'शेन'ची नपुंसकलिंगी, अशा काही सवलती आहेत. टेबल पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी का, हे मला विचारू नका. डेर टिश, दी लाम्पे, असंच लिहून ठेवा.