जोडीने जायचं, खाली बसायचं

(मनोगत – एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९९४)

शाळेच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हापासून बघतेय, बऱ्याच जणींनी गॅदरिंग, कबड्डीची टीम, बोर्डाचा निकाल, पावसात भिजत यायचो ते दिवस, असं सगळं मस्त लिहिलंय. पण शाळेने मला जे दिलं त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे शनिवारच्या घरभेटी, आणि त्यावर कोणीच लिहिलेलं दिसत नाही म्हणून मी लिहिते.

आत्ताच्या मुलांना माहीत नसेल म्हणून थोडं सांगते. आपली शाळा वसईतली, सिस्टरांची, मराठी माध्यमाची. वर्गात ख्रिस्ती मुली होत्या तशा आगरी, कोळी, भंडारी, वाडवळ, पूर्वेकडून येणाऱ्या वारली मुलीही होत्या. शनिवारी शाळा लवकर सुटली की नववी-दहावीतल्या ज्यांना यायचंय त्यांनी थांबायचं, सक्ती अजिबात नाही. मग धर्मग्रामातल्या (म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या) विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या संस्थेच्या, एखाद्या काकांबरोबर किंवा मावशींबरोबर दोघी दोघींनी एकेका घरी जायचं. कुठे मोतीबिंदूने दिसेनासं झालेली एकटी आजी, कुठे गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रीतली कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेला बाप आणि तीन मुलं, कुठे पाचूबंदरला मासेमारीच्या बोटीवर हात गमावलेला तांडेल. पिशवीत तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, साबण. एवढंच.

पण सिस्टर आधी आम्हाला बसवून जे सांगायच्या ते पिशवीपेक्षा महत्त्वाचं होतं. चपला बाहेर काढायच्या. ते जिथे बसलेत तिथेच बसायचं, त्यांनी खुर्ची पुढे केली तरी ते खाली असतील तर आपणही खाली. पाणी दिलं, चहा दिला तर प्यायचा, नको म्हणायचं नाही, कारण त्या घराकडे त्या दिवशी आपल्याला द्यायला तेवढंच आहे आणि ते घेतलं नाही तर आपण फक्त देणारे होऊन बसतो. पिशवी आल्या आल्या पुढे करायची नाही, आधी बोलायचं, निघताना ती दाराच्या आत कोपऱ्यात ठेवायची. "तुमच्यावर ही वेळ कशी आली" असलं विचारायचं नाही, त्यांनी सांगितलं तर ऐकायचं. आणि ज्या घरी गेलो त्यांचं नाव वर्गात काय, आपल्या घरीसुद्धा काढायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कडक होतं, कारण गाव लहान, कोणाच्या ओट्यावर काय बोललं जातं ते संध्याकाळपर्यंत पार नाक्याला पोचतं.

दोघींनीच का, असं मी एकदा विचारलं होतं. सिस्टर म्हणाल्या येशूने शिष्यांना दोघे दोघेच पाठवलं, आणि एकटं माणूस मदत करायला गेलं की थोड्या दिवसांनी त्याला वाटायला लागतं की मीच या घराचा तारणहार, बरोबर दुसरं कोणी असलं की डोकं जाग्यावर राहतं. मला हे कारण आजही पूर्ण पटतं. समाजकार्य करणारी चांगली चांगली माणसं याच एका गोष्टीने बिघडताना मी पाहिलीत.

ही सोसायटी कुठून आली ते आम्हाला खूप नंतर कळलं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा कॉलेजचा मुलगा होता, जेमतेम वीस वर्षांचा. एका वादविवादात कोणीतरी त्याला टोमणा मारला की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल काय काय, पण आज तुम्ही काय करताय ते दाखवा. तो उत्तर देत बसला नाही, तो आणि त्याचा मित्र स्वतःसाठी ठेवलेला लाकूडफाटा उचलून एका गरीब घरी देऊन आले. पण पुढे नेमकं काय करायचं हे त्या पोरांना कुठे माहीत होतं, ते शिकवलं सिस्टर रोझाली रेंड्यू यांनी, त्या मुफ्तार नावाच्या अतिशय गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होत्या. कोणाच्या घरी जायचं, कसं बोलायचं, सगळं त्यांच्याकडून. म्हणजे तिथेही कॉलेजची पोरं आणि शिकवणारी सिस्टरच, मला हे वाचून इतका आनंद झाला होता. संस्थेला नाव दिलं संत विन्सेंट डी पॉल यांचं, जे १६६० मध्येच वारलेले, गरिबांसाठी आयुष्य घालवलेले धर्मगुरू. ओझानाम स्वतः १८५३ मध्ये चाळिशीतच गेले, १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्रदाममध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

या सोसायटीची एक पद्धत मला फार आवडते. मीटिंगच्या शेवटी कापडी पिशवी फिरते, प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा आणि मूठ उघडून बाहेर काढायचा. कोणी शंभर टाकले, कोणी पाच टाकले, कोणी काहीच टाकलं नाही, कोणालाच कळत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका असं येशू म्हणतो ना, ते इथे अगदी शब्दशः पाळलं जातं. आणि त्यामुळेच ज्याच्या स्वतःच्या घरी तंगी आहे तो माणूसही सभासद म्हणून ताठ मानेने बसू शकतो. आमच्या भागात असे सभासद आहेत ज्यांच्या घरी एके काळी पिशवी जायची, आज ते दुसऱ्याच्या घरी जातात. 

आता पवित्र गुरुवारबद्दल, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगते, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात. योहानच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात ही गोष्ट आहे, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. त्या काळात हे घरातल्या गुलामाचं काम, धुळीचे रस्ते, पायात वहाणा. पेत्र तर पाय मागेच घेतो, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत म्हणतो. लहानपणी आम्हाला हा एक विधी वाटायचा, गाणी छान असायची, बाकी लक्ष नसायचं.

नववीत असताना एका घरावरून आमच्यात वाद झाला. नवरा दारू पितो, आपण दिलेलं तेलसुद्धा विकून पितो असं कळलं होतं, त्यामुळे एक मुलगी म्हणाली तिथे जाणं बंद करू, त्यापेक्षा खऱ्या गरजूंना देऊ. बऱ्याच जणींना ते बरोबर वाटलं. सिस्टरांनी बायबल काढलं नाही, काही नाही, एवढंच विचारलं, येशूने पाय धुतले तेव्हा यहुदा तिथे होता की निघून गेला होता? आम्ही घरी जाऊन वाचलं. यहुदा होता. तो उठून बाहेर जातो ते नंतर, तिसाव्या ओवीत. म्हणजे जो काही तासांत आपल्याला पकडून देणार आहे हे माहीत आहे त्याचेही पाय धुतले, त्यातून त्याला वगळलं नाही. त्या घरी भेटी सुरूच राहिल्या, फक्त तेलाच्या पिशवीऐवजी मुलांना दुपारचं जेवण शेजारच्या मावशींकडे ठरवून दिलं, म्हणजे श्रद्धाही आणि व्यवहारही. पात्र कोण, अपात्र कोण याची यादी करायला बसलं की मदत तिथेच अडते, हे मी तेव्हा शिकले आणि नंतर नोकरीत रोज पाहिलं.

मी पुढे नर्सिंग केलं. मुंबईच्या एका हॉस्पिटलमध्ये सर्जिकल वॉर्डला होते तेव्हा डायबेटिक फूटचे, म्हणजे मधुमेहामुळे पायाला जखम झालेले, पेशंट खूप. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, जखम चिघळलेली असते, वास असतो, पेशंट स्वतःच्याच पायाकडे बघत नाही, नातेवाईक तोंडाला रुमाल लावून उभे. ड्रेसिंग करायला स्टूलवर, कधी कधी गुडघ्यावर बसावं लागतं, आणि त्या उंचीवरून पेशंटचा चेहरा वर दिसतो, आपण खाली. योहानचा तेरावा अध्याय मला चर्चमध्ये जितका कळला नाही तितका तिथे कळला. पेत्र पाय मागे का घेतो तेही कळलं, कारण जवळजवळ प्रत्येक पेशंट पहिल्या दिवशी पाय मागे घेतो आणि म्हणतो राहू दे सिस्टर, तुम्ही नका हात लावू. लाज वाटत असते हो माणसाला. गरिबीचंही तसंच आहे. मदत घेणाऱ्याला आधीच लाज वाटत असते, ती वाढेल असं काहीही आपल्या हातून होता कामा नये, बाकी सगळं नंतर.

पोप फ्रान्सिस यांच्यामुळे ही गोष्ट जगभर पोचली असं मला वाटतं. १३ मार्च २०१३ ला त्यांची निवड झाली आणि दोनच आठवड्यांनी आलेल्या पवित्र गुरुवारी ते मोठ्या बॅसिलिकाऐवजी (मानाच्या मोठ्या चर्चऐवजी) रोमच्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले, बारा जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. त्यावर टीकाही झाली, कारण तोपर्यंत नियमाप्रमाणे पुरुषांचेच पाय धुतले जायचे. २०१६ मध्ये तो नियमच बदलला, आणि आमच्या चर्चमध्ये बायकांचे पाय धुतले गेले तेव्हा माझी आई रडली होती. २०२५ ला आजारपणामुळे त्यांना ते जमणार नव्हतं, तरी पवित्र गुरुवारी रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेलेच, या वर्षी पाय धुता येत नाहीत पण तुमच्याजवळ राहायचंय म्हणाले. त्यानंतर चार दिवसांनी ते वारले.

पण हे सगळं रोमचं किंवा पॅरिसचंच आहे असं नाही. मराठीच्या बाईंनी (त्या ख्रिस्ती नव्हत्या) आम्हाला पंडिता रमाबाई शिकवल्या त्या धड्यापुरत्या नाही. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळालेली, संस्कृतात सभा जिंकणारी बाई, जिचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. इंग्लंडला गेल्यावर लंडनजवळ फुलहॅममध्ये तिने सिस्टर लोकांना समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा करताना पाहिलं आणि ती हादरली, यांना इतक्या मायेने वागवायला कोणी सांगितलं असं तिला झालं, आणि उत्तर म्हणून तिला येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली, लोक जिला हलकी मानायचे तिच्याशी येशू आपणहून बोलतो ती. रमाबाईंच्या श्रद्धेत फरक पडला तो असा, सेवा बघून. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. नुसतं अन्न नाही दिलं, विणकाम, शेती, छपाई शिकवली, अंध मुलींसाठी वेगळी सोय केली, आणि ग्रीक-हिब्रू शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवून छापलं. म्हणजे ज्यांना आधार दिला त्यांच्याच हातात काम दिलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, केडगावचं काम अजून चालू आहे.

लॉकडाऊनमध्ये मला शाळा फार आठवली. वसई रोडवरून श्रमिक ट्रेन सुटत होत्या, माणसं पोरंबाळं घेऊन तासन्‌तास उन्हात ताटकळत होती, आणि खूप संस्थांनी खूप मनापासून काम केलं हे आधी सांगते. पण रेशन किटचं वाटप म्हटलं की फोटो, बॅनर, देणारे पाच आणि घेणारी एक म्हातारी मधे, आणि ते स्टेटसला. आमच्या बिल्डिंगमागच्या चाळीत एक केटरिंगवाले होते, स्वतः शेकडोंच्या पंगती उठवलेले, लग्नसराई बुडाल्यामुळे घरात काही नाही. ते लाइनीत जाईनात, फोटोत आलो तर पोरीचं लग्न कसं जमेल म्हणत. विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोघांनी अंधार पडल्यावर पिशवी नेऊन दिली, बसून चहा प्यायले, कोणाला पत्ता नाही. डोनरला हिशोब दाखवावा लागतो हे मला कळतं, मग बिल दाखवा, पोत्यांचा फोटो काढा, माणसाचा कशाला. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं, तेव्हा ती माणसं चक्रावून विचारतात, कधी दिलं प्रभू आम्ही तुला? त्यांना आठवतच नाही! त्यांच्याकडे फोटो नव्हता.

आता थोडं आजचं, कारण नुसत्या आठवणी लिहून उपयोग नाही. हल्ली तांदूळ-डाळीपेक्षा कागदपत्रांची मदत जास्त लागते. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळू शकतील अशा कितीतरी बायका आहेत, पण उत्पन्नाचा दाखला नाही, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव चुकलंय, बँक खातं आधारला जोडलेलं नाही. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात हा कायदा आहे, ते माहीत नसल्यामुळे लोक मंगळसूत्र विकून बिल भरतात. हे फॉर्म भरणं, खिडकीवर उभं राहणं, उद्या या म्हटलं की परत जाणं, हीसुद्धा आजच्या काळातली पाय धुण्याचीच सेवा आहे, यात नाव होत नाही, हार मिळत नाही आणि अख्खा दिवस जातो.

म्हणून ज्युबिली कमिटीला माझी विनंती आहे की कार्यक्रमाच्या दिवशी देणगीदारांच्या नावांचा बोर्ड लावू नका, कापडी पिशवी फिरवा. घरभेटी मधे काही वर्षं बंद पडल्या होत्या त्या आता माजी विद्यार्थ्यांनी परत चालू केल्यात, पण माणसं कमी आहेत. तहसील ऑफिस, बँक किंवा हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम केलेलं कोणी असेल तर फार मदत होईल. आणि नालासोपारा पूर्वच्या चाळींमध्ये जायला हिंदी नीट बोलणारी, जमलं तर भोजपुरी समजणारी एक जोडी हवीच आहे, तिथल्या बायका आमच्या मराठी हिंदीला हसतात पण मोकळेपणाने बोलत नाहीत. नाव कमिटीकडे द्या, ते कुठेही छापलं जाणार नाही.