निळीची पुडी

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यांत आधी आठवली ती निळीची पुडी. पांढऱ्या कपड्यांना घालतात ती नीळ.

साल 1989. मी तिसरीत होतो. खडू-फळा मोहिमेतून शाळेला गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी आली होती. शनिवारी सकाळच्या शाळेत बाई ती लिंबाखाली उघडायच्या. त्यातल्या एका चित्रांच्या पुस्तकात नुसता पाऊस होता. दुथडी नदी, कागदी होड्या, छत्र्याच छत्र्या. आम्ही माणदेशातली पोरं. एकानं विचारलं, "बाई, हे कुठलं गाव हो?"

बाईंनी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून आणला. महाबळेश्वरावर बोट ठेवलं. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात आपल्याकडं पाचशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, आपल्याकडं उरलंसुरलं येतं. मग म्हणाल्या, "आपल्या गावच्या पाण्याचं पुस्तक कुणी काढलेलं नाही. ते आपणच काढू."

पाठकोरे कागद दाभण-सुतळीनं शिवले. काळ्याला कोळसा, तांबड्याला गेरू, पिवळ्याला हळद, आणि निळ्याला ती निळीची पुडी. पुडी बाईंच्या घरची, एकच. त्यांची अट होती की निळा रंग फक्त जिथं खरंच पाणी दिसतंय तिथंच लावायचा. ओढा कोरडा असेल तर तो कोळशानं काढायचा.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही गावच्या बारवेवर जायचो. बाई काठावर उभ्या राहून आम्हाला उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायला लावायच्या. दिवाळीच्या सुमाराला नऊ पायऱ्या उघड्या होत्या. संक्रांतीनंतर सोळा. चैत्रात सत्तावीस. दर महिन्याला बारवेचं तेच चित्र, फक्त निळी पट्टी खाली खाली सरकलेली. पुस्तक भराभर उलटलं की पाणी डोळ्यांदेखत आटायचं. मे महिन्याच्या पानावर बोटाच्या नखाएवढा निळा ठिपका आहे. तो मी लावला होता. आईला तिथंच वाटीनं खरवडून कळशी भरताना पाहिलेलं असल्यामुळं तो लावताना माझा हात थांबला होता, हे अजून लख्ख आठवतं.

एक पान दुमडलेलं होतं. वरच्या बाजूला शेत, बांध, बाभळ. दुमड उघडली की खालची जमीन दिसायची. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. आमचा सगळ्यांचा समज होता की जमिनीखाली मोठा समुद्र आहे आणि खोल गेलं की तो लागतोच. बाईंनी निळीचं बोट मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत अगदी बारीक फिरवलं. "एवढंच असतं. पावसाचं मुरलेलं. जेवढं मुरेल तेवढंच निघेल." आज मी भूजल सर्वेक्षणाच्या कामात आहे. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असे वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींत फीत सोडून पाणीपातळी मोजतो. बोअर मारायला निघालेली शहाणीसुरती माणसं अजूनही मला त्या समुद्राबद्दल विचारतात. तेव्हा मी कागद घेतो, दुमडतो आणि बाईंचं पान काढून दाखवतो. समजावण्याची याहून चांगली रीत मला नोकरीत कुणी शिकवली नाही.

सगळ्यांत मोठं पान मात्र एका मुलीचं होतं. ती पहिल्या तासाला कधीच नसायची आणि त्याबद्दल बोलणी खायची. "आमच्या घरचं पाणी" असा विषय दिला तेव्हा तिनं मळ्यातल्या विहिरीपासून घरापर्यंतची वाट काढली आणि वाटेवर अकरा वेळा स्वतःला काढलं. अकरा हंडे, अकरा खेपा. बाईंनी ते पान बराच वेळ हातात धरलं. सोमवारपासून पहिल्या तासाला तिची वाट पाहिली जाऊ लागली, धडा तिच्यासाठी थांबायचा. बाकीच्या पोरांची पानं पाहिली तर हंडा वाहणारी माणसं सगळी बायका आणि मुलीच होत्या. हे आम्ही रोज पाहत होतो, पण कागदावर येईपर्यंत एकाही मुलाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कळशी खांद्यावर घेतली.

चौथीत आम्ही हिशेबाचं पान जोडलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्गाचा पत्रा आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद. पाचशे मिलिमीटर पावसाचे झाले चोवीस हजार लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सोळाशे हंडे. थोडं उडून जातं, थोडं सांडतं, तरी शेकडो हंडे आपल्याच डोक्यावरून वाहून जातात हे कळल्यावर वर्ग गप्प झाला होता.

हल्ली मुलांसाठी पाण्यावरची देखणी पुस्तकं निघतात, मराठीतही निघतात, आणि मी भाच्यांना ती घेऊन देतो. पण बहुतेकांत दात घासताना नळ बंद करायला सांगितलेलं असतं. ज्या घरात नळच नाही तिथल्या मुलानं ते पान कसं वाचावं? त्याच्या बारवेचं, त्याच्या आईच्या वाटेचं पान त्याला हवं असतं, आणि ते त्याच्याच शाळेत निघू शकतं.

ते शिवलेलं पुस्तक चौथीच्या निरोपसमारंभापर्यंत कपाटात होतं. नंतर ते कुणाकडं गेलं ते मला सापडत नाही. आमच्या तुकडीतल्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असेल तर महोत्सवाला येताना घेऊन या. बारवेला अजून पायऱ्या तितक्याच आहेत. यंदाच्या तिसरीच्या मुलांना घेऊन मी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिथं जाणार आहे. निळीची पुडी घेऊन ठेवली आहे.