सोनेरी रंगातली मोटर

"अरे, हिची पाटीच रंगवून टाकलीय!" कॅफेच्या दारातच मामा थबकले.

लोअर परळची जुनी गिरणी, आता तिथे कॉफी मिळते. कोपऱ्यात विजेची भलीमोठी मोटर शोभेला ठेवलेली, बिडाच्या अंगावर चकचकीत सोनेरी रंग. मामा गिरणीत वायरमन होते. हॉर्सपॉवर, व्होल्ट, फेरे, सगळं त्या पाटीवर असतं. त्यांनी वाकून बोटांनी अक्षरं चाचपली. मग मागच्या कड्या दाखवल्या. "ही स्लिपरिंग मोटर, या कड्यांची. लांबलचक शाफ्ट, त्यावरून यंत्रांना जाणारे पट्टे, सगळा भार हिनेच ओढायचा. म्हणून कड्यांना रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडथळा, लावून हळूहळू सुरू करायची."

१९१५ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि लोणावळ्याच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालायला लागल्या. वाफेची इंजिनं मागे पडली. १९८२च्या संपानंतर तर एकेक करत गिरण्याच गेल्या.

मोटर भंगारात गेली नाही, हे चांगलंच. (सेल्फीला गर्दीही होती म्हणा.) पण शेजारी चार ओळींचा फलक नको? कॉफीचे दाणे कुठल्या मळ्यातले, हे मेन्यूत अगदी सविस्तर छापलंय!