एक आण्याचा बोधिसत्त्व: पाचव्या रविवारची नोंद

जुन्या बाजारातून आणलेल्या पुडक्यातून एक आण्याची फिरोजी बोधिसत्त्वाची टपाल तिकिटं तब्बल २३८ निघाली. सगळी पाकिटाच्या कागदासकट कापलेली. पहिले दोन रविवार कोमट पाणी, टीपकागद आणि जाड पुस्तकांखाली दाबणं यातच गेले. घरच्यांचं म्हणणं, इडलीपात्र परत मिळेल का.

मग वाटणी. १५ ऑगस्ट १९४९ ला पुरातत्त्व मालिका निघाली तेव्हा या तिकिटावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं. मूर्तीचा उजवा हात पसरलेला असायचा, तो डावा झाला. दुरुस्त तिकीट आलं १५ जुलै १९५० ला. म्हणजे पसरलेला हात बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसला तर चुकीचं, डावीकडे दिसला तर सुधारलेलं. याला भिंगही लागत नाही. माझ्याकडे चुकीची ६१, सुधारलेली १७७. लखपती झालास का, असं भाचा विचारून गेला. नाही रे बाबा. जवळजवळ वर्षभर खिडकीवर खुशाल विकलं गेलेलं तिकीट ते. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटात व्हिक्टोरिया राणीचं डोकं खाली-वर उलटं पडलं ती गोष्ट वेगळी; तिथे लाल चौकट आणि निळं डोकं दोनदा छापत, आणि कागद एकदा फिरला की संपलं.

इथे एक मूर्खपणा कबूल करतो. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली फिकट खूण, तपासायचा म्हणून पन्नासेक तिकिटं काळ्या ट्रेमध्ये लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवली. प्रत्येकावर छान चांदण्या उमटल्या. उमटणारच! दोन्ही छपाया त्याच चांदण्यांच्या कागदावरच्या. अर्धी बाटली आणि एक अख्खी दुपार वाया.

तिसऱ्या रविवारी जरा धडधडलं. सुधारलेल्या तिकिटावर शिक्क्यातलं वर्ष ५०, महिना मे. प्रकाशनाच्या आधी दोन महिने! दहापट भिंगाखाली शून्याच्या डोक्यावर शाईची बारीक शेपटी दिसली. ५६ होतं ते. सहाचं पोट भरून आलं होतं. तेव्हापासून शिक्का वाचताना दिवा बाजूने तिरपा धरतो. उलट दिशेने सापडलं तर मात्र नवल नाही: डाव्या हाताच्या एका तिकिटावर १९५२ स्वच्छ वाचता येतं. कुठल्यातरी छोट्या पोस्टात जुना साठा पडून असणार.

खरा आनंद चौथ्या रविवारी. सुधारलेल्यांपैकी एकाच्या खालच्या चौकटीची रेघ डाव्या कोपऱ्यापासून दोनेक मिलिमीटरवर तुटलेली. तेवढ्यावर उड्या मारायच्या नाहीत, हे मी महागात शिकलोय. कागदाचा कण चिकटला, शाई कमी पडली, तरी असंच दिसतं. म्हणून उरलेली १७६ परत. रात्री साडेअकराला दुसरं, आज सकाळी तिसरं. तिन्ही १२०० डीपीआयवर स्कॅन करून पडद्यावर शेजारीशेजारी लावली: तुटीची रुंदी तीच, आणि तिच्या उजव्या टोकाला तोच तिरका कंगोरा. शिक्के तीन वेगळ्या गावांचे. खोट छपाईच्या प्लेटमध्येच आहे, असं आता धीराने म्हणतो.

बाकीचं किडूकमिडूक ‘एकेकटी’ असं लिहिलेल्या पाकिटात. शाईचे ठिपके, एक फिक्कट छपाई, एक निळसर पडलेलं (उन्हाचा किंवा रसायनाचा प्रताप, रंगाची चूक नव्हे). उजव्या बाजूला दात (तिकिटाच्या कडेची करवत) नसलेलंही एक होतं. पट्टीने मोजलं तर शेजाऱ्यांपेक्षा दीड मिलिमीटर अरुंद. कात्री! बिनदाताचं तिकीट जोडीत मिळालं तरच मी खिशात हात घालतो.

पुढचं काम सहाव्या जॉर्ज राजाचं जांभळं तीन आण्याचं तिकीट. ते आधी लिथोवर (सपाट प्लेटवरून) छापलं, नंतर टायपोवर (उठावाच्या प्लेटवरून). टायपोत शाई रेषेच्या कडेला दाबली जाऊन गडद काठ धरते, तिकीट उलटं केलं की कधी कधी पाठीवर उठावही लागतो. लिथो सपाट. वाचायला सोपं वाटतं, पण शिक्क्याच्या काळ्या शाईखाली माझी पहिली सात तिकिटं अजून दोन्ही ढिगांच्या मधे पडली आहेत.

तुटक्या रेघेचं तिकीट शीटमध्ये नेमकं कुठे बसतं, ते मात्र सुट्या तिकिटांवरून कळणार नाही. शीटची कोरी कड, म्हणजे समास, जोडलेला तिकिटांचा ब्लॉक हवा. कुणाच्या डब्यात बोधिसत्त्वाची चौकडी पडून असेल, तर डावा खालचा कोपरा एकदा बघाच.