पुणे ते पणजी, आंबोलीमार्गे: वीस विजेच्या गाड्या एकाच दिवशी नेताना

पुण्याहून पणजीला आंबोलीमार्गे साधारण ४५० किलोमीटर पडतात. ४५ युनिटच्या बॅटरीची गाडी हे अंतर दोन थांबे घेऊन एका दिवसात आरामात कापते. एकट्याने जाणाऱ्याला यात विचार करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. विजेच्या गाड्यांच्या मालकांच्या मेळाव्याला पणजीला जाताना मात्र वीस गाड्या एकाच शनिवारी, एकाच रस्त्याने निघतात आणि साडेनऊ-दहाच्या सुमारास कराडला एकाच हॉटेलच्या आवारातल्या दोन गनच्या (गाडीला लावायच्या जाड केबलच्या टोकाला गन म्हणतात) चार्जरपुढे उभ्या राहतात. प्रत्येकीला १९ युनिट हवेत म्हटलं तर ३८० युनिट झाले. ६० किलोवॅटच्या चार्जरला त्यासाठी सहा तासांहून जास्त लागतात, तेही गन बदलण्यात एक मिनिट न घालवता. म्हणून ही तयारी गाडीची कमी आणि वेळापत्रकाची जास्त आहे.

खालचा हिशेब ४५ युनिटची गाडी, तीन-चार माणसं, भरलेली डिकी, चालू एसी आणि ताशी ८०-८५ चा वेग धरून केला आहे. अशा गाडीला सपाट हायवेवर किलोमीटरला साधारण ०.१६ युनिट लागतं. वेग १०० केला की तेच ०.२० होतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पूर्ण बॅटरीवर २८० किलोमीटर जाणारी गाडी २२५ वर येते. साताऱ्यापर्यंत शंभरने जाऊन वाचवलेली पंधरा मिनिटं पुढे चार्जरवर बरीचशी परत जातात. पुढे सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते लागतात. तिथे वेळ जातो, पण बॅटरी उलट कमी लागते.

निघण्याआधी

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची बॅटरी असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती असते, तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी घरच्या स्लो चार्जरवर एकदा १०० टक्के करा आणि शंभर दिसल्यावरही चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका. या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे नेहमी ४० ते ८० च्या दरम्यान वापरलेल्या गाडीचा टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. १८ टक्के दाखवणारी गाडी अचानक ११ वर येते ती यामुळेच. पूर्ण चार्जला सेल बॅलन्स होतात, म्हणजे सगळे सारख्या पातळीला येतात, आणि मीटर ताळ्यावर येतो.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. टायरची हवा गार असताना, कंपनीने पूर्ण भारासाठी सांगितलेल्या आकड्याइतकी भरा. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दोन-चार पीएसआय जास्त दिसते, ती काढायची नाही. काही मॉडेलांत स्टेपनीच नसते, तेव्हा ट्यूबलेस पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप सोबत हवाच. गाडी उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली की मोटर फिरून वीज तयार करते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

डिकीत १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर, एसी चार्जरला लावायची पाच मीटरची टाइप २ केबल, निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटचा अडॅप्टर आणि सॉकेटचं अर्थिंग आणि जोडणी बरोबर आहे का ते दाखवणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ठेवा. टेस्टर स्वस्त आहे आणि या चौघांत सर्वांत जास्त वेळा तोच कामाला येतो.

चार्जिंगची तीन-चार ॲप घरीच उतरवा, ओटीपी घरीच घ्या आणि प्रत्येकात पाचशे-सातशे रुपये टाकून ठेवा. हायवेवर रेंज जाते आणि पैसे भरायची विनंती अर्ध्यात लटकते. ॲपवर दिसणारा '१५ किलोवॅट डीसी' हा जुना भारत डीसी-००१ चार्जर असतो. त्याची गन जीबी/टी पद्धतीची, आपल्या गाड्यांच्या सीसीएस-२ या फास्ट चार्जिंगच्या सॉकेटला ती बसत नाही. असे ठिपके नकाशातून मनातल्या मनात खोडून टाका. चार्जर चालू आहे का हे पाहायचं तर हिरव्या खुणेपेक्षा शेवटचं चार्जिंग कधी झालं ती तारीख पाहा, आणि आदल्या संध्याकाळी त्या हॉटेलच्या गल्ल्यावर फोन करा. गल्ल्यावरचा माणूस ॲपपेक्षा खरं सांगतो.

फास्टॅगमध्ये पैसे हवेत. राज्याच्या २०२५ च्या विजेच्या गाड्यांच्या धोरणातली टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीसाठी आहे. मुंबईहून पुण्यापर्यंत येणाऱ्यांना तिचा उपयोग होतो, पण खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणीला टोल लागणार असं धरूनच निघा.

रस्ता आणि टक्के

पुणे-सातारा ११० किलोमीटरला ४४ टक्के जातात, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. कात्रजचा चढ, मग खंबाटकी, आणि सातारा मुळातच पुण्यापेक्षा उंचावर. खंबाटकीच्या वर पोचताना रेंजचा आकडा एकदम कोसळतो आणि पहिल्यांदा जाणारा हमखास घाबरतो. कराडला रस्ता पुन्हा पुण्याच्या पातळीला उतरतो आणि सरासरी सुधारते. पुण्याहून १०० टक्के चार्जने निघालेली गाडी कराडला ३८ टक्क्यांच्या आसपास पोचते. पहिल्या पन्नास किलोमीटरवरून पूर्ण दिवसाचा अंदाज बांधू नका.

वीस गाड्यांचे दोन गट करा. पहिला सातारा आणि कोल्हापूरला थांबेल, दुसरा कराड आणि निपाणीला. पहिल्या गटाची गाडी साताऱ्याला ५६ ने पोचते आणि ८५ करून निघते, कोल्हापूरला ४१ वर येते, तिथे पुन्हा ८५. दुसरी कराडला ३८ वरून ८०, निपाणीला ४० वरून ८०. पहिली पणजीला २० टक्क्यांनी पोचते, दुसरी ३० ने. प्रत्येक गटातल्या दहा गाड्या पुण्याहून पाच, साडेसहा आणि आठ अशा तीन खेपांत, तीन-चारच्या टोळीने सोडा. सगळ्यांनी मिळून निघून झेंडी दाखवायची हौस असेल तर ती मेळाव्याच्या ठिकाणी भागवा.

८० नंतर चार्जिंगचा वेग पडतो. शेवटचे वीस टक्के भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मागचा माणूस ३० वरून ६० करून गेला असता. म्हणून ८०-८५ ला गाडी हलवायची, जेवण ताटात असलं तरी. बहुतेक ६० किलोवॅटचे चार्जर दोन गाड्या लागल्या की ३०-३० वाटून देतात, तेव्हा ॲपमध्ये अर्ध्या तासाचा अंदाज दिसला तर पाऊण तास धरा. गाडीच्या काचेवर मोबाइल नंबर लावून ठेवा. आणि शक्य असेल तिथे एक गन मेळाव्याबाहेरच्या प्रवाशासाठी मोकळी सोडा. लहान मूल घेऊन सांगलीला निघालेल्या माणसाने आपल्या हौसेपायी दोन तास का थांबावं?

गन लावली आणि चार्जिंग सुरूच होत नाही, ही रोजची तक्रार. आधी चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं नाही ना ते बघा. ते फिरवलं की बाहेर येतं. मग गन काढून अर्धा मिनिट थांबा, गाडी लॉक-अनलॉक करा आणि पुन्हा लावताना जाड केबलचं वजन हाताने वर तोलून धरा. केबलच्या ओझ्याने गन खाली झुकते, पिना नीट भिडत नाहीत आणि गाडी व चार्जरचं बोलणं तुटतं. गाडीने गन लॉक केली की हात सोडा. तरी नाही जमलं तर दुसरी गन, आणि मग कस्टमर केअरला फोन करून चार्जरचा नंबर सांगा. ते लांबून रीसेट करतात. गन अडकली तर ओढाताण नको. ॲपमधून चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, अर्धा मिनिट द्या. बऱ्याच गाड्यांत हाताने लॉक सोडवायची दोरी असते, ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये घरीच पाहून ठेवा.

या सगळ्यासाठी प्रत्येक थांब्याला किमान २० टक्के घेऊन पोचायचं. तेवढ्यात ५० किलोमीटर जाता येतं, म्हणजे पुढचा चार्जर गाठता येतो.

संकेश्वरला हायवे सोडला की गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली. निपाणीपासून आंबोलीपर्यंत साधारण ९० किलोमीटर, ३० टक्के. हा पट्टा पठारावरचाच, चढ किरकोळ. चार्जरची चैन मात्र इथे संपते, म्हणून निपाणीतून ७० च्या खाली निघू नका. अंधारात आणि पावसाळ्यात आंबोलीत धुकं इतकं दाटतं की पुढच्या गाडीचे मागचे दिवे दिसत नाहीत. चारच्या आत घाट उतरलेला बरा. धुकं किंवा दरड असेल तर बेळगाव गाठून चोर्ला घाटाने जायचं, पण चोर्ल्यालाही पाऊस तोच असतो.

उतारावर बॅटरी भरते याबद्दल फार मोठाल्या कल्पना आहेत. माणसांसकट १८५० किलोची गाडी साडेसहाशे मीटर उतरली तर एकूण ऊर्जाच ३.३ युनिट होते. त्यातली बरीचशी टायर, हवा आणि एसी खातात. घाटात मीटर दोन-तीन टक्के चढतो आणि सावंतवाडीपर्यंतच्या उरलेल्या रस्त्यात ते खर्च होतात. एकूण आंबोली-सावंतवाडी हे ३० किलोमीटर फुकटात पडतात, एवढंच. रीजेन (ब्रेकऐवजी मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरायची सोय) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. बॅटरी शंभराच्या जवळ असेल तर रीजेन जवळजवळ बंद होतं, तेव्हा घाटमाथ्यावर मुक्काम करून रात्रभर चार्ज करणाऱ्यांनी ९० ला थांबावं. पुढे बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. ६० किलोमीटर, २० टक्के.

रिसॉर्टवरची वीज

मेळावा ज्या रिसॉर्टवर भरतो तिथल्या विजेकडे आयोजकांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. "आमच्याकडे पंधराचे पुष्कळ सॉकेट आहेत," असं मालक सांगतो आणि ते खरंही असतं. सगळे एकाच फेजवर आहेत हे रात्री अकराला मेन ट्रिप झाल्यावर कळतं.

हिशेब असा. परतीसाठी प्रत्येक गाडीला साधारण ३० युनिट हवेत. १५ अँपिअरच्या चार्जरवर तासाला ३ युनिट, म्हणजे दहा तास. वीस गाड्यांचे दोनशे तास. दोन रात्री दहा-दहा तास धरले तर एका वेळी दहा गाड्या लागतात. तो झाला ३० किलोवॅटचा भार, तोही खोल्यांचे एसी चालू असताना. आधी फोनवर मालकाला मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्याला किती किलोवॅट दिलेत, ते विचारा. थ्री-फेज असेल तर दहा गाड्या चार-तीन-तीन अशा वाटा. चार गाड्यांच्या फेजवर ५२ अँपिअर जातात. भार पुरत नसेल तर निम्म्या गाड्या दिवसा म्हापसा-पर्वरी-पणजी भागातल्या डीसी चार्जरवर पाठवा.

आदल्या दिवशी वायरमन घेऊन जा. प्रत्येक सॉकेटला वेगळी एमसीबी (जादा भार आला की तुटणारा स्विच), मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तुटणारा स्विच), आणि वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर, तांब्याची, तीन कोअर. वीस मीटरच्या पुढे ४ चौरस मिलिमीटर. गिझर दहा मिनिटं चालतो, गाडी दहा तास. गिझरला पुरणारा सॉकेट गाडीला पुरेलच असं नाही. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद. रिळावर गुंडाळलेली एक्स्टेंशन पूर्ण उलगडायची, नाहीतर आतल्या आत तापून वितळते. मल्टिप्लगवर गाडी लावायचीच नाही.

पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा आला तर दहापैकी आठ वेळा अर्थिंग नसतं. किनारपट्टीच्या जुन्या बांधकामांत अर्थची वायर गंजून तुटलेली सापडते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतल्याने तात्पुरतं भागतं, पण ते वायरमनचं काम. न्यूट्रल आणि अर्थ जोडून लाल दिवा घालवणारे महाभाग भेटतील, त्यांना गाडीजवळ फिरकू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर गाडीचा पत्रा जिवंत होतो. जनरेटरवरही बहुतेकदा हाच लाल दिवा दिसतो, कारण त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. वीज गेली की सगळे चार्जर बंद ठेवा आणि आल्यावर एकेक करून सुरू करा.

पैशांचा वाद टाळायला प्रत्येक सॉकेटवर छोटा प्लग-मीटर लावा आणि आधी-नंतरचा आकडा वहीत लिहा.

परतीला उतरलेला घाट चढायचा असतो. पणजी-सावंतवाडी २० टक्के, सावंतवाडी-आंबोली या ३० किलोमीटरला १८ ते १९, आणि पुढे निपाणीपर्यंत ३०, एकूण ७०. म्हणून पणजीहून ९० च्या खाली कोणी निघायचं नाही. चार्ज कमी असलेल्यांनी सावंतवाडीतच भरून घ्यावं, आणि तिथला चार्जर चालू आहे की नाही ते पणजी सोडण्याआधी फोन करून विचारावं.