पाण्यात उभी कपाशी का सुकते?

मोठी उघडीप, आणि मग एका रात्रीत धो-धो पाऊस. चोपडा-शिरपूरकडच्या खोल काळ्या रानात मग बोंडांनी लदलेली कपाशी एकदम मान टाकते. हा आकस्मिक मर. बुरशीचा मर वेगळा: खोड उभं चिरा, आत तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशी.

झाड सुकलंय म्हणून त्याला पाणी कमी पडलंय असं नाही, मुळांचा श्वास कोंडलाय. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मातीतली छिद्रं पाण्यानं भरली की आहे तेवढा ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू भराभर संपवतात.

पेशीला हे कळतं ते ईआरएफ-७ गटातल्या प्रथिनांमुळे. ती सतत तयार होत असतात. ऑक्सिजन असेल तोवर एक विकर (एन्झाइम) त्यांच्या टोकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला ऑक्सिजन जोडतं, आणि अशी खूण पडलेलं प्रथिन लगेच मोडीत निघतं. ऑक्सिजन घटला की खूण पडत नाही. प्रथिन तगतं, केंद्रकात जातं आणि किण्वनाची, म्हणजे ऑक्सिजनविना साखरेतून ऊर्जा काढण्याची, जनुकं चालू करतं. आपल्या, म्हणजे माणसाच्या, पेशींत हेच काम एचआयएफ नावाचं प्रथिन करतं. विकर वेगळं, युक्ती तीच. त्या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

पण किण्वनावर भागतं किती? एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). एरवी ३० च्या आसपास. त्यात पेशीरस आम्लधर्मी होतो, मुळांतल्या पाणी आत घेणाऱ्या वाटा मिटतात. म्हणून चिखलात उभं राहूनही झाड तहानलेलं.

वर आणखी एक भानगड. मुळांत साठलेलं एसीसी, म्हणजे इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाचा कच्चा माल, ऑक्सिजनअभावी तिथं इथिलीनमध्ये बदलत नाही, ते पानांत चढतं आणि तिथं त्याचं इथिलीन होतं. पानं लोंबतात, पाते-फुलं गळतात. कोबाल्ट क्लोराइड नेमकी हीच पायरी अडवतं. प्रमाण १० पीपीएम, म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम. पंपागणिक चिमटीनं टाकू नका, तोलूनच घ्या. लक्षणं दिसताच काही तासांत फवारा. झाड पार वाळल्यावर फवारणं म्हणजे पैसे पाण्यात.

त्याआधी चर काढून पाणी बाहेर काढा. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाच्या बुडाशी १०० ते १५० मिली आळवणी. पाणी तुंबलेलं असताना आळवणी केली तर ती मुळांच्या काही कामाची नाही. वाफसा आला की कोळपणी. ओल्यात औत घातलं तर माती आणखी दाबली जाते.