बोरीबंदर ते ठाणे, स्लो लोकलने

देशातली पहिली प्रवासी रेल्वे बघायची म्हणून लोक सीएसएमटीला जातात, घुमटाचा फोटो काढतात आणि परततात. पण ती इमारत १८८० च्या दशकातली. गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि तेव्हाच्या बोरीबंदर स्थानकाचं आज बघण्यासारखं काही उरलेलं नाही. उरलाय तो मार्ग. तो बघायचा तर ठाणे स्लो पकडावी.

तरी इमारतीला अर्धा तास द्या, दुपारनंतर. तेव्हा दर्शनी बाजूवर ऊन येतं. तिथे ही लाइन बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनीच्या कारभाऱ्यांचे चेहरे कोरलेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय शोधा. कंपनी विलायतेतली, पण मुंबईत रेल्वे यावी म्हणून आधीपासून खटपट करणारे हे दोघे इथलेच. फाटकावर एकीकडे सिंह, म्हणजे ब्रिटन, आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे हिंदुस्थान. शेजारी शेजारी बसवलेत खरे, पण हिशेब काही बरोबरीचा नव्हता. १८४९ च्या करारात कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. कमाई कमी पडली तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरात आणायचा आणि वेळ पडली तर फौज हलवायची, हा खरा हेतू. माणसांनी गाड्या भरतील असा फारसा कुणाला अंदाज नव्हता. (आज डब्यात शिरून बघा.)

भायखळ्याला उतराच. १८५२ साली बांधकामासाठी आणलेलं फॉकलंड नावाचं इंजिन या बाजूलाच कामाला होतं. स्थानकाची जुनी इमारत नीट दुरुस्त केली आहे. २०२२ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. माझं मत विचाराल तर सीएसएमटीपेक्षा इथे जुनी रेल्वे जास्त जवळची वाटते.

पुढे सायन. पहिल्या दिवशी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि चारशेच्या आसपास पाहुणे ओढत आणले, आणि इथे थांबून पाणी भरून घेतलं. पूर्वेला बाहेर पडून सायन किल्ल्याच्या टेकडीवर चढा, चढ किरकोळ आहे. मुंबई बेट संपून साष्टी, म्हणजे उत्तरेचं मोठं बेट, कुठे सुरू होते ते वरून कळतं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांच्यापुढची अडचणही कळते: दलदल आणि खाडी. भराव घालून रूळ पुढे न्यावे लागले. एकूण अंतर २१ मैल. कुर्ल्यानंतर मात्र बाहेर इमारतीच इमारती, तेव्हा खिडकीसाठी भांडू नका.

थोडं व्यवहाराचं. लोकलच्या साध्या तिकिटावर मधे उतरून पुन्हा चढता येत नाही, म्हणून एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट काढा. सकाळी सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी ठाण्याकडे जाऊ नका, चेंगराल. इमारत बघून दुपारीच निघा. रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते आदल्या दिवशी बघा. सीएसएमटीतलं रेल्वेचं संग्रहालय बघायचं असेल तर त्याच्या वेळा आधी विचारा.

ठाण्यात उतरून हौस उरली असेल तर तशाच पुढे कल्याणला जा. १८५४ साली रूळ तिथवर पोचले. मुंब्र्यावरून जाणारी लोकल घ्या आणि डावीकडे बसा. खाडी त्या बाजूला आहे.